15 जिंकले, 13 बरोबरीत, 2 हरले: वेरोनाचा सीझन आणि आपला गल्ला



मागच्या व्हिडिओत बोलण्याच्या ओघात मी इटलीतल्या वेरोना शहराच्या फुटबॉल संघाचं नाव घेतलं आणि दोन मिनिटांत पुढं निघून गेलो. त्यानंतर केजच्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, आपल्याकडं कबड्डी, कुस्ती, नाहीतर क्रिकेट. हे फुटबॉल कुठून काढलं?" त्याचं खरं आहे. आपल्या जिल्ह्यानं आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे दिला, 2024 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात उपांत्य सामन्यात 96 धावा ठोकणारा सचिन धस दिला. फुटबॉलचं नाव आपल्याकडं कुणी काढत नाही. पण उधारीची वही, गल्ला आणि सीझन हे आपल्याला चांगलं कळतं, आणि वेरोनाची गोष्ट त्याच भाषेत सांगता येते. व्हिडिओत वेळ पुरत नाही म्हणून इथं सविस्तर लिहितो.

आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे पटलं नाही तर तुम्ही इथंच थांबू शकता. नवीन धंदा करणाऱ्या माणसाला आम्ही ट्रेनर लोक जिंकायला शिकवतो. मोठं स्वप्न बघा, टार्गेट डबल करा, रिस्क घ्या. मीही बरीच वर्षं हेच शिकवलं, टाळ्याही घेतल्या. आता मला वाटतं की लाख-दीड लाखाच्या भांडवलावर उभ्या असलेल्या माणसाला आधी न हरणं शिकवायला पाहिजे. जिंकणं त्याला येतंच. दिवाळीत येतं, लग्नसराईत येतं, ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेतात त्या आठवड्यात येतं. तो बसतो तो वर्षातल्या तीन-चार हरलेल्या महिन्यांमुळं.

आता वेरोना.

इटलीतल्या सगळ्यात वरच्या लीगला सेरी आ म्हणतात. 1984-85 च्या सीझनला त्यात 16 संघ होते. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानात आणि एकदा त्यांच्या. म्हणजे सप्टेंबर ते मे या काळात 30 सामने. जिंकलं की 2 गुण, बरोबरीत सुटलं की दोघांना 1-1, हरलं की शून्य. आज जिंकणाऱ्याला 3 गुण देतात, तेव्हा 2 होते. शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता. सेमी फायनल नाही, फायनल नाही. एका दिवसात सगळं जिंकायची सोयच नाही.

आणि त्या वर्षी इटलीत कोण कोण होतं ते बघा. दिएगो मॅराडोना बार्सिलोना सोडून नापोलीत आला होता, तोपर्यंत जगात कुठल्याही फुटबॉलपटूसाठी मोजली गेली नव्हती एवढी रक्कम देऊन. युव्हेंटसकडं फ्रान्सचा प्लातिनी. उदिनेसेकडं ब्राझीलचा झिको, फिओरेन्तिनाकडं सॉक्रेटिस, रोमाकडं फाल्काओ, इंटरकडं जर्मनीचा रुमेनिगे. एका संघाला दोनच परदेशी खेळाडू ठेवता यायचे, म्हणून प्रत्येकानं त्या दोन जागांवर जगातला सगळ्यात महाग माल भरला होता.

वेरोना म्हणजे रोमिओ-ज्युलिएटच्या नाटकातलं गाव. वस्ती अडीच लाखाच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत आपलं बीड शहर दीड लाखाच्या जरा आत होतं, त्यावरून अंदाज करा. वेरोना त्यांच्या प्रांताची राजधानीसुद्धा नाही, ती व्हेनिस. जसं आपल्या विभागाचं मुख्यालय संभाजीनगरला आणि आपण आपले बसनं तिकडं चाललेले. इटलीत लीग जिंकायची ती मिलान, तुरिन, रोम असल्या ठिकाणच्या संघांनी, असाच साधारण रिवाज होता.

16 सप्टेंबर 1984 ला वेरोनाच्या मैदानात पहिलाच सामना आला तो नापोलीचा. मॅराडोनाचा इटलीतला पहिला लीग सामना. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. वेरोनानं हान्स-पीटर ब्रीगेल नावाचा आडदांड जर्मन त्याच्यामागं लावला. ब्रीगेलनं मॅराडोनाला मोकळं होऊ दिलं नाही आणि वर स्वतः एक गोल केला. निकाल 3-1. महिन्याभरानं, 14 ऑक्टोबरला, युव्हेंटसला 2-0 नं हरवलं. त्या सामन्यात डेन्मार्कच्या प्रेबेन एल्कियेरचा बूट एका झटापटीत निघून पडला, हा गडी तसाच पळत राहिला आणि नुसत्या मोज्यातल्या पायानं गोल मारला.

हा बुटाचा किस्सा मीही व्हिडिओत सांगितला, कारण किस्सा सांगितला की लोक ऐकतात. पण खरं सांगू का, बुटानं सीझन जिंकला नाही. सीझन कसा जिंकला ते शेवटच्या तक्त्यात आहे, आणि तो तक्ता कुणी व्हिडिओत दाखवत नाही, कारण त्याला म्युझिक लावता येत नाही.

वेरोना: 30 पैकी 15 जिंकले, 13 बरोबरीत, 2 हरले. गुण 43.
दुसऱ्या नंबरचा तोरिनो: 14 जिंकले, 11 बरोबरीत, 5 हरले. गुण 39.

पहिल्या आणि दुसऱ्यात जिंकलेल्या सामन्यांचा फरक किती? एक. फक्त एक. हरलेल्या सामन्यांचा फरक तीन. तीन वेळा कमी हरला म्हणून वेरोना चार गुणांनी पुढं राहिला. कुणी म्हणेल, तेव्हाचे नियम बरोबरीवाल्यांच्या सोयीचे होते. मी आजच्या 3 गुणांच्या नियमानंही हिशोब करून बघितला. वेरोनाचे 58 होतात, तोरिनोचे 53. तरी वेरोनाच. 42 गोल केले, 19 खाल्ले. आणि ज्या दिवशी विजेतेपद पक्कं झालं, 12 मे 1985 ला बेर्गामो गावात अतालांताविरुद्ध, त्या दिवशीसुद्धा वेरोना जिंकला नव्हता. आधी एक गोल खाल्ला, मग एल्कियेरनं फेडला, 1-1. इटलीचा विजेता ठरला तो बरोबरीवर.

आता ही बरोबरी धंद्यात कशी दिसते? नेकनूर भागातल्या एका ताई आहेत, पापड-कुरडयांचं काम करतात. पापडाचा सीझन म्हणजे उन्हाळा. आषाढ-श्रावणात ऊन नाही, पापड वाळत नाहीत, त्यामुळं बाकीच्या बायका जूनला शेड बंद करतात, कामाला येणारीला "दिवाळीनंतर बघू" म्हणतात. ताईंनी दोन वर्षांपूर्वी शेडच्या कोपऱ्यात एक छोटी पिठाची गिरणी बसवली. पावसाळाभर गल्लीचं दळण. त्यातनं काय मिळतं? शेडचं भाडं, लाइट बिल आणि एका बाईचा पगार. संपलं. ताईंच्या हातात चार महिने एक रुपया राहत नाही. पण उन्हाळा लागला की त्यांची हात बसलेली बाई जागेवर असते, गिऱ्हाईक रोज दारात येत असतं, आणि उन्हाळ्यातले पैसे पावसाळ्यानं खाल्लेले नसतात. माझ्या क्लासमधल्या एका हुशार मुलानं त्यांना विचारलं, "ताई, चार महिने फुकट राबायचं कशाला?" ताई म्हणाल्या, "फुकट कुठं? बंद ठेवलं तर माझे पैसे जायलेत की." चार महिने बरोबरीत सोडवणं म्हणजे हे. ताईंना वेरोना माहीत नाही आणि त्यांचं काही अडत नाही.

माझं मात्र अडलं. तेही सांगतो.

माझं एका तालुक्याच्या ठिकाणी ठिबकचं दुकान होतं. लॅटरल, ड्रिपर, फिल्टर, पाइप, फिटिंग. 2012 ला दुष्काळ पडला होता, लोकांनी मोसंबीच्या बागा टँकरनं जगवल्या होत्या. 2013 ला पाऊस बरा झाला आणि ज्याच्या त्याच्या डोक्यात ठिबक बसलं. त्या वर्षी मला दुपारचं जेवायला फुरसत नव्हती. मी काय केलं? शेजारचा गाळा अनामत देऊन घेतला. पिकअप हप्त्यावर काढली. दोन पोरं वाढवली. आणि पुढच्या वर्षी डबल विकायचं म्हणून माल उधारीत भरला. त्या काळात मी कुठल्याशा सेमिनारला जाऊन आलो होतो, "थांबला तो संपला" वगैरे वहीत लिहून आणलं होतं.

2014 ला पावसानं पाठ फिरवली. 2015 लाही. विहिरीतच पाणी नाही तर ठिबक कशाला लावायचं? माल गोदामात पडला, उधारी गावात अडकली, हप्ता मात्र दर महिन्याच्या तारखेला हजर. 2016 ला दुकान मिटवलं. घरातल्या दोन पाटल्या सोनाराकडं गेल्या होत्या, त्यातली एकच परत आली. दुसरीचा विषय आमच्या घरात अजून कुणी काढत नाही.

आज जुनी वही काढून बघतो तेव्हा एक गोष्ट दिसते. त्या दोन वर्षांतले निदान आठ-नऊ महिने असे होते की मी काही मोठं करायची गरज नव्हती. जादाचा गाळा सोडायचा, पिकअप विकायची, फिटिंग दुरुस्तीचं काम धरायचं. एवढ्यावर महिना ना नफा ना तोटा सुटला असता. पण गाळा सोडायची लाज वाटली. मागच्या वर्षी घेतला आणि यंदा सोडला, लोक काय म्हणतील? लोक काहीच म्हणणार नव्हते. त्यांच्याही विहिरी कोरड्याच होत्या.

इथं तुम्ही म्हणाल, सर आता भित्रेपणा शिकवायलेत. नाही हो. वेरोना काही गोलपोस्टसमोर घोळका करून उभा राहणारा संघ नव्हता. फेब्रुवारीत उदिनेसेच्या मैदानात त्यांनी 3 गोलांची आघाडी घेतली, ती घालवली, सामना 3-3 झाला, आणि तिथून पुढं 5-3 नं जिंकला. जिथं मारायचं तिथं मारलं. मला भावतो तो जानेवारीतला प्रसंग. सीझनमधला पहिला पराभव झाला अव्हेलिनोकडून, तोही एका छोट्या गावचा संघ. लोक म्हणायला लागले असतील, संपला फुगा. पुढचा सामना मॅराडोनाच्या नापोलीत. तिथं जाऊन वेरोनानं काय केलं? 0-0. हरल्यावर लगेच डबल लावून भरून काढायला गेले नाहीत. आधी पाय जमिनीवर टेकवले. आपल्याकडं एक खेप बुडाली की माणूस दुसरी खेप कर्ज काढून डबल भरतो, "एकाच फेरीत दोन्हीचं काढतो" म्हणून. किती जणांना मी हे करताना पाहिलंय. स्वतःला धरून.

आता हा संघ उभा कसा राहिला, कारण खरा धंदा तिथं आहे.

ओस्वाल्दो बान्योली हा त्यांचा कोच. मिलानच्या बोविझा या कामगार वस्तीतला माणूस, बोलायला अगदी कमी. 1981 ला तो वेरोनात आला तेव्हा संघ दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये होता. 1982 ला वर आला. 1983 ला वरच्या लीगमध्ये चौथा. 1984 ला सहावा. त्या दोन्ही वर्षी इटालियन कपच्या फायनलला पोचला आणि दोन्ही फायनल हरला. मग 1985. चमत्कार एका वर्षाचा म्हणून सांगितला जातो, पण तो चौथ्या वर्षाचा आहे. दुकान टाकून दहा महिने झाले आणि "सर, अजून जमंना" म्हणून फोन करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. रागावू नका, पण घ्यावं.

माणसं त्यानं कुठली घेतली? गोलकीपर गारेल्ला. हा आधी रोममधल्या लात्सिओ संघात होता आणि तिथं त्यानं अशा काही चुका केल्या की त्याच्या आडनावावरून इटालियनमध्ये घोडचुकीला शब्दच तयार झाला. पायानं बॉल अडवायची त्याची पद्धत बघून लोक हसायचे. बान्योलीनं ती पद्धत बदलली नाही. अडतो ना बॉल, मग अडू दे. फान्ना आणि गाल्देरिसी हे दोघं आधी युव्हेंटसमध्ये होते, तिथल्या गर्दीत त्यांना मनासारखी जागा मिळाली नाही. त्यातला गाल्देरिसी त्या सीझनला 11 गोल करून वेरोनाचा सगळ्यात जास्त गोल करणारा ठरला. आणि ब्रीगेल. जर्मनीत तो मागच्या फळीत डावीकडं खेळायचा. वेरोनात त्या जागेवर मारांगोन आधीच चांगला खेळत होता. बान्योलीनं ब्रीगेलला मधल्या फळीत टाकलं. मागच्या फळीतल्या त्या गड्यानं लीगमध्ये 9 गोल केले आणि 1985 ला जर्मनीचा त्या वर्षीचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. देशाबाहेर खेळणाऱ्याला तो मान पहिल्यांदाच मिळाला होता.

म्हणजे मॅराडोना विकत घ्यायची ऐपत नव्हती. ज्यांची किंमत बाजारानं कमी लावली होती ते घेतले आणि प्रत्येकाला त्याची जागा दिली.

माझ्या ओळखीत माजलगावचा एक हार्डवेअरवाला आहे. त्याचा भाचा काउंटरवर बसायचा आणि गिऱ्हाईकाशी इतका तुसडेपणानं बोलायचा की दोन महिन्यांत रोजचा गल्ला पडला. घरातला पोरगा, काढता येईना. मामानं त्याला काउंटरवरून उठवून उधारीच्या वसुलीला गाडी देऊन पाठवलं. तोच तुसडेपणा तिथं कामाला आला. वर्षाच्या आत जुनी उधारी निम्म्यावर आली. भाच्याला कसलंही ट्रेनिंग दिलं नाही, फक्त जागा बदलली. तुमच्याकडं दोनच माणसं असतील, एक तुम्ही आणि एक घरातलं कुणी, तरी हा प्रश्न विचारा: जो काउंटरवर आहे तो काउंटरचाच आहे का? कधीकधी उत्तर येतं की तुम्ही स्वतःच चुकीच्या जागेवर बसलाय.

आता जो भाग ट्रेनर लोक गाळतात तो सांगतो, कारण तो गाळला तर मी खोटं बोललो असं होईल.

1980 मध्ये इटलीच्या फुटबॉलमध्ये सट्टेबाजीचं मोठं प्रकरण उघडकीस आलं होतं. लीगची अब्रू गेली होती. त्यामुळं 1984-85 च्या सीझनला ठरलं की कुठल्या सामन्याला कुठला पंच हे समितीनं ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. पूर्ण सोडत. आणि नेमकं त्याच वर्षी वेरोना जिंकला. पुढच्या वर्षी सोडत बंद, पुन्हा समिती. इटलीतले कितीतरी लोक आजही म्हणतात की हा योगायोग नाही.

खरं काय हे मी बीडमध्ये बसून ठरवणार नाही. सोडतीनं गोल होत नाहीत, हे नक्की. मॅराडोनाला ब्रीगेलनं रोखलं, पंचानं नाही. पण मैदान सगळ्यांना सारखं असलं की छोट्याचं बळ दिसतं, हेही तितकंच नक्की. आपल्याकडं महाडीबीटीवर शेतीच्या योजनांसाठी काही वर्षं संगणकाची सोडत निघायची. तेव्हा ज्याची कुणाशी ओळख नाही, असाही माणूस सकाळी मोबाइल उघडून "माझं नाव लागलंय का" बघायचा. नाव लागायचं किंवा नाही लागायचं, पण आशा तरी बाळगता यायची. जिथं नाव कुणाच्या शब्दानं लागतं तिथं ओळख नसलेला माणूस अर्जच भरत नाही.

म्हणून "सगळं तुमच्या माइंडसेटवर आहे" हे वाक्य मी आता क्लासमध्ये वापरत नाही. निम्मं खरं आहे ते, आणि निम्म्या खऱ्या वाक्यानं जास्त नुकसान होतं. पोरगं दोन वर्षं राबतं, हरतं, आणि वर स्वतःलाच दोष देत बसतं की माझी मानसिकताच कमी पडली. अरे बाबा, पंच त्यांचा होता!

मग करायचं काय? पंच बदलणं तुमच्या हातात नसतं, पण कुठल्या मैदानात उतरायचं हे पुष्कळदा असतं. माझा सल्ला रोखठोक आहे. सुरुवात टेंडरनं, सप्लायच्या कामानं, मोठ्या बिलानं करू नका. तिथं माल चांगला की वाईट हे एकजण ठरवतो, बिल कधी निघणार हे दुसरा ठरवतो, आणि दोघांनाही तुमच्या हप्त्याच्या तारखेचं सोयरसुतक नसतं. सुरुवात अशा ठिकाणी करा जिथं दहा रुपये देणारा माणूस समोर उभा आहे आणि त्याला माल आवडला नाही तर तो उद्या येणार नाही. त्याच्याएवढा सरळ पंच नाही. चिठ्ठ्या टाकायची गरजच नाही तिथं. आपलं बीडचं सीताफळ बघा. 2016 ला त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, धारूर-अंबाजोगाईच्या डोंगरातला माल. पण कागदावर मानांकन आहे म्हणून रस्त्याकडेच्या पाटीवाल्या बाईला जास्त भाव मिळत नाही. तिचा माल खाऊन पुढच्या वर्षी तीच गाडी पुन्हा थांबली, तर मिळतो. मी दोन सीझन तिथं उभा राहून हे बघितलंय.

आता शेवट. हा गोड नाही.

विजेतेपद मिळालं त्याच उन्हाळ्यात गारेल्ला नापोलीला गेला, आणि 1987 ला मॅराडोनासोबत त्यानं पुन्हा लीग जिंकली. ज्याच्यावर देश हसला होता, तो गारेल्ला. फान्ना आणि मारांगोन इंटरला गेले. वर्षभरानं ब्रीगेल गेला, गाल्देरिसी गेला. पुढच्या सीझनला वेरोना दहावा आला. युरोपियन कपमध्ये दुसऱ्याच फेरीत युव्हेंटसनं बाहेर काढलं. मधे एकदा, 1987 ला, चौथा नंबर आला, पण 1990 ला संघ दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये घसरला, बान्योलीही गेला, आणि 1991 ला क्लब दिवाळखोरीत निघाला. विजेतेपदानंतर सहा वर्षांत. नवीन कंपनी काढून तो पुन्हा उभा करावा लागला. लीगचं ते विजेतेपद आजतागायत त्यांचं एकमेव.

क्लासमध्ये हे सांगितलं की सगळे गप्प होतात. एकानं विचारलंही, "मग सर, उपयोग काय झाला?" मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. नंतर विचार केला तेव्हा वाटलं की त्या चार वर्षांत जे लोक मैदानात होते त्यांचं कुणी काही काढून घेऊ शकत नाही, ती गोष्ट वेगळी. पण धंदेवाला म्हणून मला दुसरंच दिसतं. मैदानात 13 बरोबऱ्या सोडवणाऱ्या संघाच्या मागं जी कचेरी होती, तिला पुढच्या वर्षांत बरोबरी साधता आली नाही. खेळाडूंनी जे केलं ते हिशोबाच्या वहीत कुणी केलं नाही. माझंही 2013 ला तेच झालं होतं. दुकान चालवायला मी कमी पडलो नाही. जिंकलेल्या वर्षानंतरचं वर्ष मला चालवता आलं नाही.

तर आता तुमचं काम. एक दोनशे पानी वही घ्या. मागचे 30 आठवडे आठवा, मोबाइलमधली पेमेंटची हिस्ट्री आणि उधारीची चिठ्ठी समोर ठेवा. प्रत्येक आठवड्यापुढं तीनपैकी एकच अक्षर लिहायचं: जि, ब, नाहीतर ह. आठवड्याचा सगळा खर्च, स्वतःची मजुरी धरून, वजा केल्यावर पैसा उरला तर जि. शंभर-दोनशे इकडं-तिकडं असेल तर ब. खिशातून घालावे लागले तर ह. स्वतःची मजुरी धरायची म्हणजे धरायचीच, त्यात सूट नाही. सगळे ह लाल पेननं. मग प्रत्येक ह च्या पुढं लिहा की त्या आठवड्यात कुठला एक खर्च थांबवला असता तर तो ब झाला असता. जि वाढवायचा विचार या वेळी करायचाच नाही.

रविवारच्या व्हिडिओत आपण अशाच एका वहीचा रोजमेळ घेऊन बसणार आहोत. वही माझीच आहे, 2014 ची. लाल पेन जवळ ठेवा, तिच्यात ह पुष्कळ आहेत.